पाण्यातील बाग आणि तिचा उजेड

काचेच्या टाकीत पोहणारे रंगीबेरंगी मासे पाहायला कोणाला आवडत नाही? दवाखान्यात, हॉटेलात किंवा एखाद्या मित्राच्या घरी अशी टाकी दिसली, की आपले पाय तिथेच थांबतात. काही टाक्यांमध्ये माशांबरोबर खऱ्या पाणवनस्पतीही लावलेल्या असतात. लांब, फितीसारखी पाने पाण्यात डुलत असतात. त्यांच्या आडून मासे ये-जा करतात. ती टाकी म्हणजे पाण्यातील एक लहानशी बागच असते.

अशी बाग लावणे फार अवघड नाही. पण ती जगवणे तितके सोपे नाही. वाळू, पाणी, रोपे आणि मासे आणले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. दिव्याचा विचार ते सर्वांत शेवटी करतात. घरात असेल तो बल्ब टाकीवर लावतात. बागेची खरी परीक्षा मात्र या दिव्यापासूनच सुरू होते.

एका उर्दू शाळेतील सातवीच्या मुलांची ही हकीकत ऐका. मुलांनी वर्गणी काढून विज्ञानाच्या खोलीसाठी एक टाकी आणली. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच होती. मुलांनी तळाशी वाळू पसरली. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या वनस्पती लावल्या. काही दिवसांनी पाण्यात सहा गप्पी मासे सोडले.

रोपे लवकर वाढावीत म्हणून मुलांनी टाकी खिडकीपाशी ठेवली. तिथे दुपारचे ऊन थेट टाकीवर येत असे. एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. शाळेच्या कपाटात ६० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब पडून होते. तेही सरांनी टाकीवर बसवून दिले. शाळा भरली की बल्ब लागत. रात्री पहारेकरी खोलीला कुलूप लावी, तेव्हाच ते बंद होत.

पहिले काही दिवस मुले खूश होती. टाकी कशी झगमगत होती! मग काचेवर हिरवा थर दिसू लागला. रोपांच्या पानांवर धाग्यांसारखे शेवाळ चढले. तिसऱ्या आठवड्यात पाणी इतके हिरवे झाले, की टाकीची मागची काच दिसेना. एके दिवशी सकाळी मुले आली, तेव्हा मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन सारखे तोंड उघडत-मिटत होते. दोन मासे मरून तरंगत होते.

मुलांचे चेहरे उतरले. एक मुलगी म्हणाली, “सर, आम्ही तर टाकीला भरपूर उजेड दिला. माशांना वेळेवर खायला घातले. मग असे का झाले?”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चूक तुमची एकट्यांची नाही. बल्ब तर मीच लावून दिले होते. आपण सगळ्यांनी उजेड भरपूर दिला. पण तो पुरेसा किती, हे कोणी विचारलेच नाही.”

‘भरपूर’ आणि ‘पुरेसा’ या दोन शब्दांत काय फरक आहे, ते आता आपण पाहू.

वनस्पतींना उजेड कशासाठी लागतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. त्यांच्या पानांत हरितद्रव्य असते. त्याच्या मदतीने वनस्पती प्रकाशातील शक्ती घेतात आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून आपले अन्न तयार करतात. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. ही क्रिया चालू असताना प्राणवायू बाहेर पडतो. यान इंगेनहाउझ नावाच्या डच वैद्याने १७७९ साली याचे अनेक प्रयोग केले. त्याने हिरवी पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली. तेव्हा पानांवर बारीक बुडबुडे जमू लागले. तीच पाने अंधारात ठेवली, तर बुडबुडे थांबत. अंधारात वनस्पती हवा शुद्ध करत नाहीत, उलट बिघडवतात, हेही त्याने दाखवून दिले. आपल्या टाकीतील माशांचे काय झाले, हे समजायला या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतील.

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलांना एक साधा प्रयोग करायला लावला. तो तुम्हीही वर्गात करू शकाल. काचेच्या एका उंच भांड्यात पाणी घेतले. हायड्रिलाची एक ताजी फांदी कापून, कापलेले टोक वर ठेवून पाण्यात बुडवली. जवळ टेबलावरचा एक एलईडी दिवा ठेवला. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून एकामागून एक बुडबुडे निघू लागले. मुलांनी घड्याळ लावून एका मिनिटात किती बुडबुडे येतात, ते मोजले.

दिवा ४० सेंटीमीटरवर होता, तेव्हा बुडबुडे सावकाश येत होते. तो २० सेंटीमीटरवर आणला, तशी त्यांची संख्या वाढली. मुलांना वाटले, आता दिवा आणखी जवळ आणला की बुडबुड्यांची रांगच लागेल. दिवा १० सेंटीमीटरवर आणला. पण या वेळी संख्या फारशी वाढली नाही. दिवा आणखी पुढे सरकवला, तरी बुडबुडे तेवढेच!

मग सरांनी चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवला. सोड्यामुळे त्या पाण्यात वनस्पतीला लागणारा कार्बन वाढला. दिवा होता तिथेच होता. तरीही थोड्या वेळाने बुडबुडे भराभर येऊ लागले.

“आता सांगा,” सर म्हणाले, “मघाशी हायड्रिलाला काय कमी पडत होते? उजेड?”

“नाही सर,” मुले म्हणाली, “कार्बन कमी पडत होता.”

मुलांचे उत्तर बरोबर होते. स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. पोळ्या करायला कणीक लागते, पाणी लागते आणि आच लागते. कणीक थोडीच मळली असेल, तर गॅस कितीही मोठा केला तरी पोळ्या जास्त होत नाहीत. नुसता तवा तापतो आणि हातातली पोळीही करपते. पाणवनस्पतींचे तसेच आहे. उजेड ही आच आहे. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात विरघळलेली क्षारद्रव्ये ही कणीक आहे. कणीक जेवढी, तेवढीच आच हवी.

पाण्यात ही कणीक लवकर कमी पडते. हवेच्या मानाने पाण्यात वायू सुमारे १० हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पानाजवळचा कार्बन डायऑक्साइड संपला, की नवा यायला वेळ लागतो. रोपांची वाढ तिथेच अडते. पण टाकीत उजेड तर पडतच असतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून क्षारद्रव्येही पाण्यात येत असतात. नव्याने लावलेल्या रोपांची मुळे अजून धरलेली नसतात. ही सगळी शिल्लक मग शेवाळाच्या हाती पडते. शेवाळाची गरज थोडी असते आणि त्याची वाढ झपाट्याने होते. काचेवर, वाळूवर, पानांवर ते पसरते. रोपांच्या पानांवर त्याचा थर बसला, की खालच्या पानांना उजेड मिळेनासा होतो. म्हणजे रोपांसाठी लावलेला जादा उजेड शेवटी रोपांच्याच आड येतो.

आता माशांचे पाहू. मुलांच्या टाकीतले पाणी हिरवे झाले होते. तो हिरवा रंग म्हणजे डोळ्यांना सुटे न दिसणारे, पाण्यात तरंगणारे असंख्य शेवाळकण होते. दिवसा ते प्राणवायू सोडत. रात्री मात्र प्रकाशसंश्लेषण बंद पडे. श्वसन तर सर्वांचे चालूच असते. शेवाळ, रोपे आणि मासे असे सगळेच रात्रभर पाण्यातला प्राणवायू वापरत होते. त्यात ऊन आणि बल्ब यांनी पाणी तापवले होते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लीटर गोड्या पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. म्हणून पहाटेच्या वेळी मासे घुसमटले आणि श्वास घ्यायला वरच्या थरात आले. दोघांचा त्यात जीव गेला.

मग टाकीसाठी योग्य उजेड कसा निवडावा? त्यासाठी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. उजेड किती? कोणत्या रंगाचा? आणि किती वेळ?

पहिला प्रश्न, उजेड किती? दुकानात आपण विचारतो, “दिवा किती वॅटचा आहे?” पण वॅट हे उजेडाचे माप नाही. दिवा किती वीज खातो, ते वॅट सांगतात. दिवा किती उजेड देतो, ते ल्युमेन या मापाने कळते. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन उजेड देतो. ९ वॅटचा चांगला एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो. म्हणजे वीज कितीतरी कमी आणि उजेड जास्त! जुन्या बल्बमध्ये बहुतेक सगळी वीज उष्णता होऊन वाया जाते. टाकीवर तो लावला, तर पाणीही तापते. ट्यूबलाइटच्या काळात दर लीटर पाण्यामागे अर्धा ते एक वॅट असा हिशेब पुष्कळ लोक करत. एलईडी दिव्यांना तो हिशेब लागू पडत नाही.

आता थोडे गणित करू. मुलांची टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच होती. या तिन्हींचा गुणाकार ५४ हजार घन सेंटीमीटर, म्हणजे ५४ लीटर होतो. वाळूची जागा आणि वरची मोकळी जागा सोडली, तर पाणी सुमारे ४५ लीटर मावते. कमी उजेडात जगणाऱ्या वनस्पतींना दर लीटरमागे १० ते २० ल्युमेन पुरतात. मध्यम उजेडाच्या वनस्पतींना २० ते ४० ल्युमेन लागतात. तेव्हा ४५ लीटरच्या टाकीला पहिल्या प्रकारासाठी ४५० ते ९०० ल्युमेन आणि दुसऱ्या प्रकारासाठी ९०० ते १८०० ल्युमेन हवेत. हा हिशेब ढोबळ आहे. पण दिवा विकत घेताना तो कामाला येतो.

टाकीची खोलीही लक्षात घ्यावी लागते. दिव्यापासून दूर गेले, की उजेड कमी होतो. एका लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, तर उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. पाणी गढूळ असेल किंवा वरची झाकणाची काच मळलेली असेल, तर आणखी कमी होतो. म्हणून उथळ टाकीत जो दिवा पुरतो, तो दीड-दोन फूट खोल टाकीच्या तळापर्यंत पुरेलच असे नाही. लहान आणि बुटक्या रोपांना तळाशी किती उजेड पोहोचतो, ते पाहायला हवे.

उजेड किती द्यायचा, हे वनस्पतींच्या जातीवरही ठरते. जावा फर्न, जावा मॉस, अनुबियास आणि क्रिप्टोकोरिन या वनस्पती मंद उजेडात सुखाने राहतात. क्रिप्टोकोरिनच्या अनेक जाती झाडांच्या सावलीतून वाहणाऱ्या ओढ्यांत वाढतात. सावलीची सवय त्यांना मुळातच असते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांना मध्यम उजेड मानवतो. या दोन्ही आपल्या देशातील तळ्यांत व नद्यांत आढळतात. पश्चिम घाटात आढळणाऱ्या रोटाला माक्रांड्रा या वनस्पतीची पाने लालसर असतात. तिचा लाल रंग टिकायला मात्र तीव्र उजेड लागतो.

पण तीव्र उजेड द्यायचा, तर त्याबरोबर कणीकही वाढवावी लागते. जपानमधील ताकाशी अमानो (१९५४-२०१५) हे छायाचित्रकार पाण्यातील बागांसाठी जगभर प्रसिद्ध झाले. पोर्तुगालच्या लिस्बन शहरातील मत्स्यालयात त्यांनी २०१५ साली ४० मीटर लांबीची एक पाणबाग उभी केली. ते आपल्या टाक्यांत तीव्र उजेड वापरत. पण त्याच्या जोडीला पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडत आणि रोपांना खतही देत. नुसत्या दिव्यांवर त्यांनी बागा फुलवल्या नाहीत. ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी मंद किंवा मध्यम उजेडाच्या वनस्पती निवडाव्यात. त्यांची बागही सुंदर दिसते, आणि तिची देखभाल सोपी असते.

दुसरा प्रश्न, उजेड कोणत्या रंगाचा? पांढऱ्या उजेडात अनेक रंग असतात, हे तुम्हाला इंद्रधनुष्यावरून माहीत आहे. थिओडोर एंगलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ च्या सुमारास एक गमतीदार प्रयोग केला. त्याने शेवाळाच्या एका बारीक धाग्यावर लोलकातून आलेले सगळे रंग ओळीने पाडले. त्या पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. धाग्याच्या ज्या भागावर तांबडा आणि निळा रंग पडला होता, तिथे जिवाणूंनी गर्दी केली. याचा अर्थ, त्या रंगांत वनस्पती अधिक प्राणवायू तयार करत होती. हिरव्या भागात गर्दी थोडी होती. हिरव्या रंगाचाही वनस्पती उपयोग करतात. पण त्यातला काही भाग पानावरून परत फिरतो. म्हणून तर पान आपल्याला हिरवे दिसते.

मग तांबडे आणि निळे असे वेगळे दिवे आणायचे का? तशी गरज नाही. चांगल्या पांढऱ्या दिव्यात हे दोन्ही रंग असतात. दिव्याच्या खोक्यावर २७००, ४००० किंवा ६५०० असा आकडा आणि त्यापुढे ‘के’ हे अक्षर असते. हे केल्व्हिन नावाचे माप आहे. २७०० चा उजेड जुन्या बल्बसारखा पिवळसर असतो. ६५०० चा उजेड दिवसाच्या प्रकाशासारखा पांढरा असतो. पाणबागेसाठी पुष्कळ लोक ६५०० चा दिवा वापरतात. त्यात रोपे चांगली वाढतात आणि मासेही आपल्या खऱ्या रंगांत दिसतात. मात्र हा आकडा उजेडाची छटा सांगतो, उजेड किती आहे ते सांगत नाही. आकडा मोठा म्हणजे दिवा जोरदार, असे समजू नये.

पांढरा एलईडी दिवा आज सहज मिळतो. पण तो तयार व्हायला बराच काळ जावा लागला. तांबडे आणि हिरवे एलईडी आधीच होते. निळा एलईडी जमत नव्हता, आणि त्याच्यावाचून पांढरा उजेड मिळत नव्हता. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी तयार केला. त्यासाठी त्यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या टाकीवरचा लहानसा दिवा त्यांच्या श्रमांचे फळ आहे.

तिसरा प्रश्न, उजेड किती वेळ? हा प्रश्न सर्वांत सोपा आहे, पण चुका याच ठिकाणी जास्त होतात. नव्या टाकीत दिवा रोज ६ तास लावावा. रोपांनी मूळ धरले आणि नवी पाने फुटू लागली, की हळूहळू ८ तासांपर्यंत न्यावे. त्याहून जास्त वेळ सहसा लागत नाही. उजेड मंद असेल, तर दिवा जास्त वेळ लावून ती उणीव भरून निघत नाही. वाढतो तो शेवाळाचा थर. वेळही रोज एकच असावी. विसरायची भीती असेल, तर आपोआप चालू-बंद होणारे घड्याळी बटण मिळते. रात्री टाकीत अंधार हवाच. आपल्याला झोप लागते, तशीच माशांनाही अंधाराची विश्रांती लागते.

टाकी खिडकीतील उन्हात ठेवू नये, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. दिव्याचे बटण आपल्या हाती असते. उन्हाचे बटण आपल्या हाती नसते. ऋतू बदलला की ऊनही बदलते, आणि उन्हाळ्यात तर पाणी फारच तापते.

एवढे करूनही उजेड बरोबर आहे की नाही, हे कसे ओळखायचे? टाकीकडे रोज पाच मिनिटे नीट पाहावे. टाकी स्वतःच सगळे सांगते. रोपांची देठे उंच आणि किडकिडीत होत असतील, दोन पानांमधले अंतर वाढत असेल, खालची पाने गळत असतील, तर उजेड कमी पडतो आहे. काचेवर दोन-चार दिवसांतच हिरवा थर जमत असेल, तर उजेड जास्त होतो आहे. मग दिव्याची वेळ एक तासाने कमी करावी आणि दोन आठवडे वाट पाहावी. रोज बदल करत राहिले, तर कशाचा काय परिणाम झाला, ते कळत नाही. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी धुळीसारखा थर येतो. त्याला घाबरू नये. तो पुसून टाकावा. बहुधा तो पुढे आपोआप नाहीसा होतो. क्रिप्टोकोरिन नव्या जागी लावले, की कधी कधी त्याची पाने कुजून जातात. तरी ते उपटून टाकू नये. मूळ जिवंत असेल, तर नवी पाने फुटतात.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. पाणी आणि वीज यांची संगत धोक्याची असते. टाकीत हात घालण्यापूर्वी दिव्याचा आणि पंपाचा प्लग काढावा. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण असावे. वायर सॉकेटपर्यंत सरळ ताणून नेऊ नये. तिचा झोल सॉकेटच्या खाली राहील असे करावे, म्हणजे वायरवरून ओघळलेले थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतील. जोडणीचे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्यावे.

सातवीच्या त्या मुलांनी पुढे काय केले? त्यांनी आधी एक तृतीयांश पाणी बदलले. काच आणि पाने हलक्या हाताने पुसली. टाकी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी हलवली. मग सरांच्या सांगण्यावरून टाकीवर तीन दिवस काळे कापड घातले, म्हणजे हिरव्या पाण्यातील शेवाळाला उजेड मिळेना. या तीन दिवसांत हवेचा पंप मात्र रात्रंदिवस चालू ठेवला. कापड काढल्यावर पुन्हा थोडे पाणी बदलले. दोन पिवळ्या बल्बांच्या जागी ९ वॅटचा एकच एलईडी दिवा आला. शाळेच्या शिपाईचाचांनी सकाळी दहाला तो लावायचा आणि संध्याकाळी चारला बंद करायचा, असे ठरले. भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात मुले रोज तारीख, दिव्याची वेळ आणि टाकीत काय दिसले, ते लिहू लागली.

महिनाभराने पाणी नितळ झाले. व्हॅलिस्नेरियाच्या शेजारी वाळूतून नवी रोपे डोकावू लागली. उरलेले चार गप्पी त्यांच्यामधून पोहू लागले. एक दिवस त्याच मुलीने तक्त्यावर लिहिले, “आज पानांवर बुडबुडे दिसले. मासे खाली पोहत आहेत.”

सरांनी ते वाचले आणि त्याखाली आपली सही केली.

शब्दार्थ

हकीकत – घडलेली गोष्ट
वर्गणी – सर्वांनी मिळून जमवलेले पैसे
क्षारद्रव्ये – पाण्यात विरघळलेले, रोपांच्या वाढीला लागणारे पदार्थ
ढोबळ – साधारण, अंदाजाचा
लोलक – पांढऱ्या प्रकाशातील रंग वेगळे करणारा काचेचा तुकडा
मानवणे – सोसणे, पचनी पडणे
नितळ – स्वच्छ, आरपार दिसणारे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलांनी टाकीत कोणत्या वनस्पती लावल्या?
(आ) दिवा किती उजेड देतो, हे कोणत्या मापाने कळते?
(इ) नव्या टाकीत दिवा रोज किती तास लावावा?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मासे सकाळी पाण्याच्या वरच्या थरात का आले?
(आ) खाण्याचा सोडा घातल्यावर बुडबुडे का वाढले?
(इ) ‘भरपूर’ आणि ‘पुरेसा’ या शब्दांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.

प्र. ३. एक टाकी ९० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच आहे. तिचे आकारमान किती लीटर आहे? तिच्यात ९० लीटर पाणी भरले आणि जावा फर्न लावले, तर साधारण किती ल्युमेनचा दिवा लागेल?

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : चेहरे उतरणे, मूळ धरणे, जीव जाणे.